डावा एक्सल

एक्सल तुटतो तेव्हा फार मोठा आवाज होत नाही. बघायला जमलेल्यांना वाटत असतं, बार उडाल्यासारखं काहीतरी होईल. तसं काही होत नाही. गाडीच्या पोटात कुणी वाळलेली तुराटी मोडावी तसा 'कट' असा एकच आवाज येतो. मग एक चाक मुकाट बसतं, दुसरं जागच्या जागी गरगरत राहतं, आणि गाडी तिरकी होऊन थांबते.

आसाराम मिस्त्रीनं हा आवाज दोन महिन्यांत दुसऱ्यांदा ऐकला. तो पट्ट्याच्या कडेला, रचलेल्या कडब्याच्या पेंढ्यांमागं उभा होता. हिरवा दिवा लागला, शेजारची पांढरी गाडी सुटून पार पुढं गेली, आणि युवराजची काळी गाडी चार हातांवर आडवी झाली. आसारामनं बघायला जायची घाई केली नाही. काय तुटलं ते त्याला कळलं होतं.

"मिस्त्री, एक्सलच बसवलाय ना?" तानाजी मागून ओरडला. तो युवराजचे ट्रॅक्टर सांभाळायचा आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं. "का उसाचं कांडं बसवलंय?"

पेंढ्यांवर बसलेली सगळी रांग हसली. आसारामही जरासा हसला, कारण न हसता उभं राहणं जास्त अवघड होतं.

युवराज गाडीतून उतरला आणि हेल्मेट काखेत मारून आला. त्यानं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "ट्रॉली आणायला सांगतो, मामा," आणि पुढं गेला.

सुटण्याच्या रेषेपाशी त्याची आई केसरबाई हातात पितळी ताट घेऊन तशीच उभी होती. "नजर लागतीय माझ्या लेकराला," ती आसारामला म्हणाली. "मागल्या बारीला एक नारळ आणलता, आज दोन आणले. आता पाच आणते. बघतेच कशी मोडती."

चकलांब्याच्या माळावर कुण्या कंपनीनं गोदामांसाठी सिमेंटचा रस्ता केला होता. गोदामं झालीच नाहीत. आठशे मीटरचा सरळ, सपाट रस्ता तेवढा उरला. तीन वर्षांपासून हिवाळ्यात महिन्यातून एका रविवारी सकाळी तिथं गाड्यांच्या शर्यती लागत. रीतसर परवानगी काढून, रुग्णवाहिका उभी करून. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या आणि चारशे मीटर आधी कोण जातं ते बघायचं. बारा-तेरा सेकंदांचा खेळ. पण आसारामच्या मते त्यातला पहिला सेकंदच खरा. उरलेले नुसते बघायचे.

कारण त्या पहिल्या सेकंदात गाडी उभी असते आणि इंजिन पळत असतं. क्लच सोडला की पळणाऱ्याची आणि थांबलेल्याची गाठ पडते. काळी गाडी मुळात जुन्या जमान्यातली, लांब नाकाची, पंचाहत्तर घोड्यांची. आता तिच्यात परदेशी सहा सिलिंडरचं इंजिन होतं आणि घोडे चारशेच्या वर गेले होते. एवढी ताकद थांबलेल्या चाकांवर पडली की काहीतरी हरतं. टायर हरला तर तो घसरतो आणि फक्त वेळ जातो. क्लच हरला तर जळका वास येतो. एक्सल हरला तर खेळ संपला. म्हणून आसारामचा हिशोब साधा होता: टायर सगळ्यांत आधी हरला पाहिजे आणि एक्सल कधीच नाही. एक्सल म्हणजे मधल्या गोल डब्यातून निघून चाकापर्यंत जाणारा पोलादी दांडा, डावीकडं एक, उजवीकडं एक. मूळचे दांडे करंगळीसारखे होते. आसारामनं स्वतःच्या लेथवर, चांगल्या मिश्र पोलादातून, जाड दांडे घडवले होते आणि संभाजीनगरला पाठवून भट्टीत पाणी देऊन आणले होते.

पहिल्यांदा डावा तुटला तेव्हा तो ठामपणे म्हणाला होता, पाय चुकला. युवराजनं मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांवर इंजिन नेऊन क्लच झटक्यात सोडला होता. मग आसारामनं त्याला शिकवलं. साडेतीन हजारांवर धर, क्लच दातांत दोरा धरल्यासारखा धर, आधी सगळ्या जोडांतली ढील निघू दे, गाडीनं जरा अंग उचललं की मग पाय काढ. आडवारी, माळावर कुणी नसताना, युवराजनं नऊ वेळा गाडी अशी सोडली. नऊही वेळा ती सुखरूप गेली. आणि शर्यतीच्या दिवशी, तसाच पाय, तेवढ्याच फेऱ्या, पुन्हा 'कट'. पुन्हा डावाच.

आता पायाला दोष देता येत नव्हता.

पुढच्या शर्यतीच्या आठवड्यात, मंगळवारी, युवराज बीडला बार्शी नाक्यावरच्या वर्कशॉपवर आला. लोखंडी स्टुलावर बसला, चहा अर्धा प्याला आणि उरलेला हातातच फिरवत बसला.

"मामा, मी तुम्हाला काय म्हणत न्हाई."

"म्हण की."

"पुण्यात एक जण हाय. ह्याच गाड्यांचं काम करतो. पोरं म्हणतात, त्याच्याकडं दे." तो जमिनीकडं बघत होता. "ह्या रविवारची बारी तुमच्याच एक्सलवर. जर का पुन्हा..."

"मग ने," आसाराम म्हणाला. "मीच सांगतो, ने."

युवराज गेल्यावर आसारामनं तिसऱ्या जोडीसाठी सळई लेथला लावली आणि मायक्रोमीटरनं मोजली. मग पुन्हा मोजली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजली. एकतीस वर्षांत त्यानं एकाच सळईला तीनदा माप कधी लावलं नव्हतं. तो चोपन्न वर्षांचा होता. गेल्या पावसाळ्यात उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. डोळा साफ झाला असं डॉक्टर म्हणाले होते, पण बोटांचं काय, ते कुठला डॉक्टर सांगणार?

दुपारी रामेश्वर विहिरीच्या पंपाचा शाफ्ट घेऊन आला. रोजच्यातलं काम, अर्ध्या तासाचं. आसारामनं तो हातात घेतला, उजेडात फिरवून बघितला आणि परत दिला.

"स्टेशनरोडला एक नवा लेथवाला हाय, त्याच्याकडून करून घे."

"कावून? तुम्हाला टाइम न्हाई का?"

"हां. टाइम न्हाई," आसाराम म्हणाला आणि उरलेला दिवस थांबलेल्या लेथपाशी बसून राहिला.

सायलीला हे रामेश्वरकडूनच कळलं. सायली आसारामची मुलगी, बी.एस्सी. होऊन एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवायची. बुधवारी संध्याकाळी क्लास सुटल्यावर ती घरी न जाता वर्कशॉपवर आली. बापाला तिनं काही विचारलं नाही. टेबलावर जुने तुटके एक्सल पडले होते, त्यातला एक उचलून तुटलेलं तोंड खिडकीकडं धरलं.

"पप्पा, ह्यात जुनी चीर नाही."

"न्हाई. मी पण बघितलं."

"आतून-बाहेरून एकसारखा राखाडी आहे, आणि पिळा पडलाय. म्हणजे पोलाद कच्चं नव्हतं. आधी पिळलं, मग गेलं. त्याच्यावर झेपणार नाही एवढं ओझं आलं."

"ओझं तेवढंच व्हतं. नऊ बारी तेवढंच व्हतं."

"आणि दोन्ही डावेच?"

"दोन्ही डावे."

सायलीनं दप्तरातून वही काढली. इंजिनची पिळण्याची ताकद, पहिल्या गिअरनं ती किती पट होते, मागच्या डब्यात आणखी किती पट, असं विचारत तिनं गुणाकार केला. "दोन्ही चाकांची मिळून पाच हजार आठशे न्यूटन-मीटर. तुमचा एक एक्सल किती सोसतो?"

"चार हजाराला वाकडा होत न्हाई."

"आणि वाटणी झाली तर एकेकावर एकोणतीसशे. मग तुटायचं काहीच कारण नाही. वाटणी कशी होते?"

आसाराम उठला आणि खडूनं फरशीवर आकृती काढू लागला. रस्त्यावरच्या गाडीत मधला डबा असा असतो की वळणावर दोन्ही चाकं वेगळी फिरू शकतात. इथं वळण नाही, म्हणून त्यानं तो डबा आतून वेल्डिंग करून बांधून टाकला होता. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असल्यासारखी. "दोघं जोडीनं ओढतात. एकानं ओढलं न्हाई तर..." तो थांबला. खडू तसाच हातात राहिला. "एकानं ओढलं न्हाई, तर दुसऱ्यावर सगळं येतं. एका जुवाला दोन बैल, एकाचा पाय घसरला की दुसऱ्याची मान."

"अख्खे पाच हजार आठशे येणार नाहीत," सायली म्हणाली. "त्याच्या आधी टायर सुटेल. पण चाराच्या वर जायला झटका पुरतो."

"उजवा कावून घसरंल पण? दोन्ही टायर नवे. दोन्हीत हवा सारखी. म्याच भरली."

सायलीनं मोबाइल काढला. दोन्ही शर्यतींत आणि मधल्या सरावालाही तिनं मागून, गती कमी करून, चित्रण केलं होतं. वर्गातल्या पोरांना जडत्व समजावायला. काळी गाडी पडद्यावर मुंगीच्या पावलांनी हलली.

"थांब. मागं घे."

तिनं मागं घेतलं.

"आता डावा टायर बघ," आसाराम म्हणाला. या शर्यतीचे मागचे टायर मऊ, पोट सुटलेले असतात. जमिनीला धरून ओढ बसली की त्यांच्या बाजूला सुरकुत्या पडतात, ओला टॉवेल पिळावा तशा. डाव्या टायरला खोल सुरकुत्या पडल्या होत्या. "आन् उजवा?"

उजवा टायर गुळगुळीत होता. एकही सुरकुती नाही. तो फिरत होता आणि त्याच्या मागून बारीक थेंबांची एक फवार उडत होती.

"पाणी आहे," सायली म्हणाली. "फक्त उजव्याला. पाणी कुठून..."

आसारामनं पडद्याच्या कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं नारळाची करवंटी पडली होती आणि उजव्या चाकाखालून लिंबाचं पिवळं साल बाहेर आलं होतं. तिनं पहिल्या शर्यतीचं चित्रण लावलं. तेच. सरावाची चित्रणं लावली. नऊही वेळा दोन्ही टायरांना सारख्या सुरकुत्या. नऊही वेळा केसरबाई तिथं नव्हती.

"पप्पा, तुमचा एक्सल बरोबर होता," सायली म्हणाली. "दोन्ही वेळा. तुमचं काहीच चुकलं नव्हतं."

आसारामनं खडू खाली ठेवला. त्याचा चेहरा मोकळा झाला, खांदे खाली आले. आणि मग, जेमतेम एक मिनिट गेलं असेल, ते पुन्हा वर गेले.

"आक्काला सांगायचं कुणी?" तो म्हणाला.

केसरबाई आणि आसाराम, दोघंही पाली गावचे, एका गल्लीतले. सख्खी बहीण नसलेल्या आसारामला ती लहानपणापासून राखी बांधायची. लग्न होऊन चकलांब्याच्या मोठ्या घरात पडली, तरी राखीला कधी चुकली नाही. त्यानं लेथ टाकला तेव्हा पहिलं काम तिच्या घरच्या ट्रॅक्टरचं आलं. नवऱ्याला, सुंदररावांना, तिनंच सांगितलं होतं. सुंदरराव आजारपणात गेले आणि वर्षभरानं युवराजनं ही गाडी घेतली. शर्यतीचं ऐकून ती दोन दिवस जेवली नव्हती. मग एका अटीवर तयार झाली. गाडी सुटायच्या क्षणाला, उजव्या चाकाखाली लिंबू आणि चाकावर नारळ, ते तिच्या हातानं. बाकी ती काही बोलणार नाही.

गुरुवारी आसारामनं फोन लावला. "आक्का, ह्या बारीला नारळ घरीच वाढवला तर?"

"घरी वाढवून काय उपेग? बैल जुपताना वाढवतेत, का गोठ्यात?"

"मग पुढच्या चाकावर..."

"पुढच्या चाकावर कावून? जोर तर मागं हाय म्हणतोस ना तू?"

शिवाय सायलीनं त्याला आधीच सांगितलं होतं, पुढचं चाक निघालं की अडीच-तीन मीटरवर मागचं चाक त्याच ओल्यावर येतं, आणि तोवर गाडी जोरात असते. ते तर आणखी वाईट. युवराजला सांगावं, तर तो आईला चारचौघांत बोलून बसेल. त्याला आईचं प्रेम कळत होतं, पण बोलायची पद्धत कळत नव्हती.

एक वाट आणखी होती, आणि शुक्रवारी, रात्री भट्टीला पाठवायची तिसरी जोडी घडवताना आसारामनं तिचा नीट विचार केला. गप्प बसायचं. एक्सल तुटू द्यायचा. गाडी पुण्याला जाईल, पुण्याचा माणूस आणखी जाड दांडा घालील, तो कदाचित टिकेल. आक्काचं मन राहील. त्याला स्वतःला तर आता माहीतच होतं की हात चुकलेले नाहीत. मग लोकांना कळलं काय आणि न कळलं काय? असं म्हणत त्यानं मायक्रोमीटर लावला. एकदाच लावला. माप बरोबर होतं. आणि त्याला रामेश्वरचा चेहरा आठवला, शाफ्ट परत घेऊन जातानाचा. उद्या पुण्याला गाडी गेली की बार्शी नाक्यावर पंपाचा शाफ्टही कुणी आणणार नाही. ते खरं तर सोसता आलं असतं. पण जे आपण केलं नाही ते मरेपर्यंत आपलं म्हणून वागवायचं, हे त्याच्यानं होईना.

रविवारी दहाच्या सुमाराला काळ्या गाडीची पाळी आली. युवराजनं टायर जाळून तापवले. पांढऱ्या धुराचा लोट माळावर पसरला. गाडी पुढं सरकून रेषेपासून दोन हातांवर थांबली. शेजारच्या गाडीचं काहीतरी अडलं होतं, म्हणून पंचानं हात वर केला, थोडं थांबा. केसरबाई ताट घेऊन निघाली. मागं तानाजी, पाच नारळांची पिशवी घेऊन.

आसाराम आडवा गेला.

"आक्का, थांब. एक सांगायचंय."

"मग सांग. आधी हे होऊ दे."

"ह्याचंच सांगायचंय." त्याला वाटलं होतं तसं गोल फिरवून बोलणं जमेना. "नारळाच्या पाण्यानं उजवं चाक वलं होतंय. वलं चाक घसरतंय. मग सगळा झटका डाव्या एक्सलवर येतो आन् त्यो तुटतो. दोन्ही बारीला त्येच झालं."

केसरबाईनं त्याच्याकडं बघितलं, मग गाडीकडं, मग ताटाकडं.

"दोन्ही बारीला?"

"दोन्ही बारीला."

"म्हंजी मी मोडला?"

तिनं ताट खाली घेतलं. कुंकवाची डबी कलंडली, ती तिनं सरळ केली.

"तुला कधी कळलं हे?"

"बुधवारी."

"आन् तू आज सांगतोयस." तिचा आवाज वर गेला नाही, पण आसाराम त्या आवाजाला लहानपणापासून ओळखत होता. "बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तुला वाटलं, आक्का ऐकायची न्हाई. आडाणी बाई, रडत बसंल. व्हय ना?"

"तसं न्हाई आक्का."

"तसंच हाय. नारळ न्हाई वाढवला तर मोडणार न्हाई? लिहून देतोस?"

खरं तर 'हो' म्हणायला काही लागत नव्हतं. सायली पलीकडं मोबाइल धरून उभी होती, तीही ऐकत होती.

"न्हाई," आसाराम म्हणाला. "लिहून देत न्हाई. लोखंड हाय, मोडू शकतं. पण आज मोडलं तर ते माझं असंल. तुझ्यावर येणार न्हाई, नजरेवर येणार न्हाई. माझं."

शेजारच्या गाडीचं इंजिन एकदा सुरू होऊन बंद पडलं.

"मग मी काय करू?" ती अखेर म्हणाली, आणि आता तिचा आवाज वेगळा होता. "त्यो आत बसलाय. मी नुस्ती उभी राहू का?"

आसारामला हे सुचलं नव्हतं. चार दिवस तो नारळ कसा टळेल याचाच विचार करत होता. ताट खाली ठेवल्यावर त्या हातांनी काय करायचं, याचा विचार त्यानं केलाच नव्हता. त्यानं इकडंतिकडं बघितलं. पेंढ्यांपाशी कुणीतरी केरसुणी ठेवली होती.

"चाकाम्होरं बारीक खडे आलेत, माती हाय," तो म्हणाला. "ती काढायला पायजे. दोन्हीकडं सारखी. मी करणारच व्हतो."

केसरबाईनं ताट तानाजीच्या हातात दिलं, पदर कमरेला खोचला आणि केरसुणी उचलली.

"आक्का, हे काय? लोक बघतेत," तानाजी घाईनं पुढं झाला. "द्या हिकडं, मी झाडतो."

"तू ताट धर. सरळ धर, तांब्यातलं पाणी सांडू नको."

चकलांब्याच्या घरची बाई कधी रस्ता झाडताना कुणी बघितली नव्हती. पेंढ्यांवरची रांग माना उंचावून बघू लागली. तिनं डाव्या चाकापुढची जागा झाडली, मग उजव्या चाकापुढची, आणि बरोबरी झाली का म्हणून पुन्हा डाव्याची. मग वाकून तिनं उजव्या टायरला तळहात लावला आणि चटकन काढून घेतला.

"लई तापलंय. चिकटतंय हाताला."

"तसंच पायजे."

"ह्ये धरतंय व्हय जमिनीला?" तिनं डाव्यालाही हात लावून बघितला. मग खिडकीपाशी गेली. युवराजनं हेल्मेटची काच वर केली. आई काय बोलली ते कुणाला ऐकू आलं नाही, पण युवराजनं आधी चाकांकडं, मग आसारामकडं बघितलं आणि काच खाली केली.

पंचानं हात खाली केला. गाड्या रेषेवर आल्या.

आसाराम दिव्यांकडं बघत नव्हता. तो गुडघ्यावर बसून मागच्या दोन टायरांकडं बघत होता. इंजिनचा आवाज चढला आणि एका जागी स्थिर झाला. साडेतीन हजार, त्याच्या कानानं सांगितलं. मग गाडीचं मागचं अंग किंचित दबलं. ढील निघाली. आणि मग दोन्ही टायरांना, डाव्या आणि उजव्या, एकदमच सुरकुत्या पडल्या. तेवढंच त्याला दिसलं. गाडी समोरून नाहीशी झाली आणि तोंडावर रबराचा गरम वारा आला.

'कट' आला नाही. तो दुसऱ्या गिअरपर्यंत वाट बघत राहिला, तिसऱ्यापर्यंत बघत राहिला. आवाज लांब लांब गेला, पण तो भरलेला होता. पुढं ओढायला काहीतरी हाती असलेल्या इंजिनचा आवाज.

"कोण जिंकलं?" केसरबाईनं विचारलं.

"पांढरी आली पुढं," सायली म्हणाली. "थोडक्यात. गाडीची लांबीभरसुद्धा नाही."

"मोडली का आपली?"

"नाही, आत्या."

युवराज परत आला तेव्हा पोरांनी गाडीला गराडा घातला. हरूनही त्याचं तोंड फुललं होतं. "गेली, मामा! सरळ गेली! जरासुदिक वळली न्हाई. काय बदललं तुम्ही?"

सगळ्यांची तोंडं आसारामकडं वळली. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला.

"टायरची हवा जरा कमी केली," तो म्हणाला. "बाकी काय न्हाई."

"हवा न्हाई," केसरबाई म्हणाली.

ती गर्दीतून पुढं आली. तिच्या पायावर सिमेंटची धूळ होती. "हवाबिवा काय न्हाई. एक्सल पयल्यापासून चांगला व्हता. मी नारळाचं पाणी उजव्या चाकावर वतत व्हते, त्येनं चाक घसरत व्हतं, आन् डाव्याची मान मोडत व्हती. दोन्ही बारीला. मला म्हाईत न्हवतं. ह्याला बुधवारी कळलं, तर ह्यो चार दिवस गप. आताबी गपच बसायला निघालाय." तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली. "मिस्त्रीचा हात चुकला म्हणून ज्यांनी ज्यांनी गावात सांगितलं, त्यांनी जाऊन आता हे पण सांगा. नीट सांगा."

कुणी हसलं नाही. तानाजीनं ताट अजून सरळ धरलं होतं. तो मान खाली घालून त्यातल्या तांदळांकडं बघत होता. युवराज आईकडं बघत राहिला, मग आसारामकडं वळला. "मामा, ते पुण्याचं..." त्यानं सुरुवात केली.

"थांब, खालून बघतो," आसाराम मधेच म्हणाला. "लगेच बघावं लागतं. गरम असताना."

त्यानं पोत्याचा तुकडा टाकला आणि गाडीखाली सरकला. डाव्या बाजूला तेल आलेलं नव्हतं. उजव्या बाजूलाही नव्हतं. त्यानं एक्सल ज्यात बसतात त्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांवर एकेक हात ठेवला. दोन्ही सारख्याच कोमट होत्या. यात बघण्यासारखं आणखी काही नव्हतं. एका मिनिटाचं काम होतं.

बाहेर त्याचे दोन पाय तेवढे दिसत होते. पाच मिनिटं झाली तरी ते हलले नाहीत. पंचाचा माणूस विचारायला आला, की अर्ध्या तासानं तिसऱ्या नंबरासाठीची शर्यत आहे, काळी गाडी तयार होईल का? तो वाकून गाडीखाली बघणार, तोच केसरबाईनं त्याला दंडाला धरून बाजूला केलं.

"व्हईल तयार," ती म्हणाली. "आता नको बोलवू. काम चालू हाय त्याचं."